रुमालाखालचे बोलणे

मंडळी, बोलताना आपण नुसते तोंडाने बोलत नाही. भुवई उडवतो, मान डोलवतो, हात आडवा करून दुसऱ्याला थांबवतो. पटले नाही तर "अहो, जरा थांबा" म्हणून मध्येच बोलतो. मध्ये बोलू नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण खरीच. पण मध्ये बोलायची सोयच नसली, तर काय होते? आपल्या बाजारपेठांचा इतिहास ते सांगतो.

पूर्वी कापसाचे, धान्याचे सौदे 'हत्ता' पद्धतीने होत. अडत्या आणि खरेदीदार हातांवर रुमाल नाहीतर उपरणे टाकीत आणि त्याखाली बोटांनी भाव करीत. जितकी बोटे धरली तितका आकडा. सगळा पंजा धरला की पाच. ते पाच की पन्नास, हे चालू भावावरून दोघांना उमगे. शेजारच्या व्यापाऱ्याला पत्ता नसे.

या रीतीत सोयही होती, बरं का! गलबल्यात ओरडावे लागत नसे. कमी भाव सांगितला म्हणून चारचौघांत कुणाची शोभा होत नसे. गुरांच्या बाजारात बैलाचा मालक स्वतः हात पुढे करी, तेव्हा बोली त्याला कळे. काही ठिकाणी ही रीत अजून दिसते.

अडतीवर मात्र माल शेतकऱ्याचा आणि हात अडत्याचा! वर्षाचे पीक गाडीत घेऊन आलेला धनी शेजारीच उभा. पण अडत्या सांगेल तोच भाव. "एवढ्यात परवडत नाही," असे मध्येच म्हणायला आकडा तर कळायला हवा! त्यातून उचल घेतलेली असली, की विचारायचीही चोरी.

वऱ्हाडात कारंजा येथे 1886 साली नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडासाठी कायदा झाला. 1928 साली शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मग मुंबई प्रांताचा 1939 चा आणि महाराष्ट्राचा 1963 चा कायदा आला. भाव गुप्त खुणांनी नव्हे, उघड बोलून ठरावा, असा दंडक पडला. रुमाल लगेच खिशात गेले असे नाही. पण शेतकऱ्याला बोट दाखवायला नियम मिळाला. उघड लिलावात एकाची बोली पुरी होते न होते तोच दुसरा मध्येच वरचढ बोलतो. त्या मध्ये बोलण्यानेच भाव चढतो, आणि धन्याला "नाही" म्हणता येते.

गुरुजी, वर्गात हा खेळ करून पाहा. दोन मुलांना रुमालाखाली सौदा करू द्या आणि मालाचा धनी तिसऱ्याला करा. मग तोच सौदा उघड करा. दोन्ही वेळा काय वाटले, ते त्या तिसऱ्यालाच विचारा.