मत मागणाऱ्यांची वीज

निवडणूक आली की रस्ता, पाणी आणि वीज हे तीन शब्द प्रत्येक सभेत ऐकू येतात. रस्ता झाला की नाही ते डोळ्यांना दिसतं. विजेचं तसं नाही. शब्द दिला जातो मुंबईत, बिल येतं आपल्या घरी, आणि मधल्या वाटेत काय झालं ते कोणी सांगत नाही. म्हणून आज आपण गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी विजेबद्दल काय काय सांगितलं आणि पुढे काय झालं, त्याची उजळणी करू.

सुरुवात 1995 पासून करावी लागते. त्या विधानसभा निवडणुकीत वीजच मोठा मुद्दा झाली होती. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉन नावाच्या अमेरिकन कंपनीचा दाभोळ प्रकल्प येत होता. शरद पवार मुख्यमंत्री असताना, डिसेंबर 1993 मध्ये, वीज मंडळाने त्या कंपनीशी करार केला होता. करार असा, की वीज घेतली नाही तरी ठरलेला मोठा आकार मंडळाने भरायचाच. त्यात दर डॉलरशी बांधलेला. घरी दूधवाल्याशी असं कोणी ठरवेल का, की दूध घेतलं नाही तरी महिन्याचे पैसे देऊ आणि रुपया घसरला तर जास्त देऊ?

शिवसेना-भाजप युतीच्या सभांमधून एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. गोपीनाथ मुंडे त्यात सगळ्यांत पुढे. लोकांना ते पटलं. मार्चमध्ये युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंड्यांच्या समितीने कराराची तपासणी केली आणि 3 ऑगस्ट 1995 ला जोशींनी प्रकल्प रद्द केल्याचं विधानसभेत जाहीर केलं. दिलेला शब्द पाळला गेला म्हणायचा. पण पुन्हा बोलणी बसली, आणि जानेवारी 1996 पर्यंत तोच प्रकल्प नव्या करारासह मंजूर झाला. नवा प्रकल्प आधीपेक्षा मोठा होता, दोन्ही टप्पे मिळून दोन हजार मेगावॉटच्या वर.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे, कारण ही गोष्ट सांगताना पुढारी आणि कंपनी यांचीच नावं घेतली जातात. दाभोळच्या खाडीकाठी वेलदूर हे कोळ्यांचं गाव आहे. प्रकल्पाच्या पाण्याने मासळी जाईल ही तिथली भीती, आणि मासळी विकून घर चालवणाऱ्या बाया आंदोलनात पुढे होत्या. जून 1997 मध्ये एका पहाटे पोलीस गावात शिरले. बरेचसे पुरुष होड्या घेऊन समुद्रावर गेलेले. पोलिसांनी घरांतून बायकांना बाहेर काढलं, मारहाण केली, धरून नेलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या जगभर काम करणाऱ्या संस्थांनी त्या आंदोलनावरच्या दडपशाहीचे अहवाल लिहिले. तेव्हा राज्यावर सरकार कोणाचं होतं? ज्यांनी दोन वर्षांपूर्वी कंपनी बुडवायचा शब्द दिला होता, त्यांचंच.

पुढचं थोडक्यात. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मंडळाला परवडेना, आणि मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच डिसेंबरात एन्रॉन कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

2004 मध्ये बोलण्याचा सूर पालटला. त्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी शेतीला फुकट वीज देण्याच्या आश्वासनावर निवडून आले. ऑक्टोबरात आपल्याकडे निवडणूक. बाळासाहेब ठाकरे यांनी मोफत विजेचं आश्वासन दिलं होतंच. मग सत्तेत असलेल्या सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने मतदानाआधीच कृषिपंपांची वीज मोफत केली. आघाडी पुन्हा निवडून आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि 2005 मध्ये मोफत वीज बंद झाली.

त्यानंतरची वर्षं तुम्हाला वेगळी सांगायला नकोत. बारा-बारा तास भारनियमन, पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग, परीक्षेच्या दिवसांत चिमणीखाली बसलेली पोरं. बिल शून्य करू म्हणणारे होते, पण तारेत वीज किती तास असेल हे 2004 च्या सभांत कोण बोललं? 2012 च्या डिसेंबरपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करू, असं पुढे अजित पवारांनी सांगितलं. निदान त्या वाक्यात तासांचा विचार होता.

आता 2024 वर येऊ. जूनच्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. सुमारे 44 लाख शेतकरी आणि वर्षाला जवळपास 14,760 कोटी रुपये असा तो आकडा. मतदान 20 नोव्हेंबरला. महायुतीच्या जाहीरनाम्यात वीजबिल तीस टक्के कमी करण्याचं वचन होतं, तर महाविकास आघाडीने घरगुती ग्राहकांना शंभर युनिट माफीचं.

फुकट वीज म्हणजे कोणीच पैसे भरत नाही असं नसतं. शेतकऱ्याच्या बिलाची रक्कम सरकार महावितरणला देतं, म्हणजे ती तिजोरीतून जाते. आणि तिजोरीत आपल्या घरच्या खरेदीवरचा करही असतो. दुसरं असं, की मोफत झाली ती पंपाची वीज. पंपाचं कनेक्शन मिळतं ते सात-बारावर नाव असणाऱ्याला, आणि आपल्यापैकी कितीजणींचं नाव सात-बारावर आहे? दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारीचं घरचं बिल आहे तसंच राहिलं. आमच्या मते या योजनेचं मोठं व्यंग ते आहे, आणि कुठल्याच पक्षाच्या सभेत ते निघालं नाही.

रात्रीच्या विजेचा प्रश्न मात्र हळूहळू भाषणात आला. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज, ही पाळी आपल्या मराठवाड्यात सगळ्यांना पाठ आहे. थंडीत, विंचूकाट्यात, बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला नवरा-बायको दोघं जातात, किंवा तो जातो आणि ती जागी बसते. त्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आली. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा शेतीला द्यायची. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात धोंदलगावला आहे. तीन मेगावॉटचा, 1,753 शेतकऱ्यांना दिवसा वीज देणारा. पंतप्रधानांनी 5 ऑक्टोबर 2024 ला वाशिमहून अशा पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं. दहा दिवसांनी निवडणूक जाहीर झाली. मुहूर्त कोणी का काढला असेना, दिवसा पाणी भरता येतं ते खरंच.

मोफत विजेच्या सरकारी आदेशात मुदत लिहिली आहे. एप्रिल 2024 ते मार्च 2029, आणि तीन वर्षांनी आढावा. मार्च 2029 संपला की एप्रिल-मे मध्ये लोकसभा आणि वर्षाच्या अखेरीस विधानसभा. उमेदवार दारात येतील तेव्हा योजनेची मुदत नुकतीच संपलेली असेल.