मनोरुग्णसेवा व हिंसाचार, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णांना बंदिस्त रुग्णालयांतून समाजात आणण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्याच्या अंमलबजावणीत राहिलेल्या उणिवा आणि हिंसक घटना घडल्यावर त्या भरून काढण्याचे झालेले प्रयत्न, असा या विषयाचा दुहेरी इतिहास आहे.

तुरुंगांत व निर्धनगृहांत कोंडलेल्या मनोरुग्णांची दुःस्थिती डॉरोथिया डिक्स यांनी १८४३ मध्ये मॅसॅचूसेट्सच्या विधिमंडळापुढे मांडली. अशा चळवळीतून राज्यांनी मोठी मनोरुग्णालये उभारली. पण कालांतराने त्यांनाही कोंडवाड्यांची कळा आली. १९५५ मध्ये त्यांत ५ लाख ५० हजारांहून अधिक रुग्ण होते. क्लोरप्रोमाझीन हे औषध १९५४ पासून उपलब्ध झाल्याने अनेक रुग्णांवर घरी राहून उपचार शक्य झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन एफ्. केनेडी यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्यकेंद्रांच्या अधिनियमावर स्वाक्षरी केली. त्यांची बहीण रोझमेरी १९४१ मधील मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कायमची परावलंबी झाली होती. तेव्हा हा विषय त्यांच्या घरचाच होता.

योजनेतील सु. १,५०० केंद्रांपैकी निम्मीच उभी राहिली. १९६५ च्या मेडिकेड योजनेने ६५ वर्षांखालील रुग्णांच्या मनोरुग्णालयीन खर्चाचा भार उचलला नाही. त्यामुळे रुग्णांना बाहेर पाठविणे राज्यांना किफायतशीर वाटू लागले. रुग्णालये रिकामी होत गेली, पैसा मात्र रुग्णांमागोमाग गेला नाही. सेवांचा विस्तार करणारा १९८० चा अधिनियम पुढच्याच वर्षी बव्हंशी रद्द झाला. अनेक रुग्ण रस्त्यांवर व तुरुंगांत पोहोचले, म्हणजे डिक्स यांनी त्यांना जेथे पाहिले होते तेथेच.

याच काळात नागरी हक्कांचा विचार बळावला. जो इतरांस धोकादायक नाही व सुरक्षितपणे बाहेर राहू शकतो, अशा व्यक्तीस केवळ डांबून ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. तो न्याय्यच होता. परंतु बाहेरची सेवा अपुरी असल्याने ‘धोका’ हाच उपचारांचा दरवाजा ठरू लागला. जानेवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकावर एका तरुणीला गाडीपुढे ढकलून मारण्यात आले. मारणाऱ्या रुग्णाने त्यापूर्वी स्वतः अनेकदा रुग्णालयांकडे धाव घेतली होती. तरीही त्यानंतर झालेला, ‘केंड्राज लॉ’ या नावाने ओळखला जाणारा कायदा प्रामुख्याने न्यायालयाच्या आदेशाने बाह्योपचार सक्तीचे करणारा होता. आदेशही पुरेसा नसतो, हे व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील १६ एप्रिल २००७ च्या गोळीबारात दिसले. त्यात ३२ जण मारले गेले. हल्लेखोरास बाह्योपचार घ्यावेत असा आदेश डिसेंबर २००५ मध्येच झाला होता. तो पाळला जातो की नाही हे कोणी पाहिले नाही. त्यानंतर व्हर्जिनियाने आपले कायदे बदलले.

एकूण हिंसाचारात गंभीर मनोविकारांचा वाटा अल्प असतो आणि मनोरुग्ण बहुधा हिंसेचे बळी ठरतात. कायदे करण्याच्या घाईत ही गोष्ट मागे पडते. स्थानिक समाजांनी मात्र कधीकधी तिची दखल घेतली. मेम्फिस येथे १९८७ मध्ये चाकू हाती असलेला एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्यानंतर पोलीस, रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना व विद्यापीठे यांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये निवडक पोलिसांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण सुरू केले. पुढे अनेक शहरांनी ही पद्धत उचलली. ऑरेगन राज्यातील यूजीन शहरात १९८९ पासून याही पुढचे पाऊल पडले. तेथे ‘कहूट्स’ या सेवेद्वारे पोलिसांऐवजी वैद्यकीय साहाय्यक व संकटनिवारक कार्यकर्ता यांची निःशस्त्र जोडी मोटारगाडीतून घटनास्थळी जाई. २०२० मध्ये पोलिसी बळाच्या वापराविरुद्ध देशभर निदर्शने झाली, तेव्हा अनेक नगरपालिकांनी या सेवेचा अभ्यास केला. निधीअभावी एप्रिल २०२५ मध्ये ती यूजीनमध्ये बंद पडली.