चाळीस दिवसांची गणना

प्रभु येशूनें अरण्यांत चाळीस दिवस व चाळीस रात्री उपवास केला, असें मत्तयाचें शुभवर्तमान सांगतें. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर टापूंत मात्र ते दिवस दोन रीतींनीं मोजले जातात. लॅटिन विधीत रविवारीं उपवास नाहीं. सहा आठवड्यांचे छत्तीसच दिवस भरत, म्हणून पुढें आणखी चार जोडले जाऊन आरंभ राखेच्या बुधवारीं आला. 1988 सालीं कल्याण येथें स्थापन झालेल्या सिरो-मलबार धर्मपीठाचे केरळीय बांधव रविवारही धरतात आणि दोन दिवस आधीं, सोमवारीं, कपाळीं राख लावून पन्नास दिवसांचें व्रत घेतात. एकाच जिन्यावर अशीं दोन घरें! कोणाचें खरें, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. यशयाच्या 58 व्या अध्यायांत भुकेल्यास भाकर वांटून देणें हाच उपवास म्हटला आहे. तेथें दिवसगणना नाहीं. शुभ शुक्रवारीं तर दोन्ही घरें उपाशीच असतात.