तात्या विंचूचं कुळ आणि मूळ

तेरणेच्या काठावरचं तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं गाव बहुतेकांना गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक असतं. गोरोबांच्या कितीतरी शतकं आधी हे तगर नावाचं भरभराटीचं व्यापारी नगर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि तगर म्हणजे हेच तेर, हे १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर उभ्या राहिलेल्या इथल्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहायला लोक लांबून येतात, कारण तशीच एक पॉम्पेईच्या राखेखालून निघाली होती. पण मातीच्या बाहुल्यांपाशीही थांबायला हवं. पांढऱ्या, मऊ केओलिन मातीची ही कामं. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही ओल्या बाजू एकमेकींना चिकटवून भाजायच्या. अशी बाहुली आतून पोकळ राहते. भाजताना तडकत नाही, मातीही कमी लागते.

कारागिराने ही पोकळी सोयीसाठी ठेवली. माणसाच्या मनाला मात्र पोकळ शरीर स्वस्थ बसू देत नाही. आत जागा आहे म्हटलं, की त्या जागेत कोण शिरेल हा प्रश्न आलाच. बाहुल्याच्या साऱ्या भयकथा या एका प्रश्नातून निघाल्या आहेत, आणि मराठीत त्या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर म्हणजे १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या सिनेमातला तात्या विंचू.

तेरच्या बाहुलीचं आणि तात्या विंचूचं थेट नातं लावता येणार नाही. मधली साखळीच नाही. पण ही गोष्ट या मुलखाला परकी का वाटली नाही, हे समजायला तेरहून तुळजापूरपर्यंत गेलं तरी पुरतं. भवानीच्या दारात आराधी असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, संबळ वाजू लागला की एखादीच्या अंगात देवी येते. बाईचा आवाज बदलतो, बोलण्याची ढब बदलते, घरातली थोरली माणसंही तिच्या पाया पडतात. शरीर एकाचं आणि बोलणारं दुसरंच, हा अनुभव इथल्या माणसाला सिनेमाने शिकवलेला नाही. तिथे तो श्रद्धेचा भाग आहे, त्यात भीती असली तरी ती आदराची. सिनेमाने घेतली ती नुसती चौकट, आणि देवीच्या जागी गुंड बसवला.

आता बाहुल्याच्या खऱ्या कुळाकडे. ते पाध्यांच्या घरातलं आहे.

यशवंत केशव पाध्ये हे भारतातले आद्य शब्दभ्रमकार. त्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव १९१६चा, असं हे घराणं मानतं. अर्धवटराव, त्याची आवडाबाई आणि पाध्ये यांचं भांडण ऐकायला एकेकाळी नाट्यगृहं भरत. १९६७ साली मुलगा रामदास यांनी बाहुला हातात घेतला. रामदास पाध्ये शिक्षणाने यांत्रिकी अभियंते, आणि हा तपशील पुढच्या गोष्टीत फार कामाचा आहे. ‘लिज्जत पापड’च्या जाहिरातीतला ससा घराघरांत पोचला, तोही त्यांचाच.

बोलका बाहुला जवळून पाहिला तर त्याची गंमत अधिक कळते. डोकं एका दांड्यावर बसवलेलं असतं, पाठीला भोक असतं आणि कलाकाराचा हात तिथून आत जातो. दांड्याला खटके असतात, एका बोटाने जबडा, दुसऱ्याने डोळे, तिसऱ्याने भुवया. जबडा व्यंजनावर मिटायचा आणि स्वरावर उघडायचा. नवशिका नुसताच फडफडवत राहतो, म्हणून त्याचा बाहुला बोलत नाही, चावतो. आवाज कुठे ‘फेकला’ जात नाही. तो कलाकाराच्याच घशातून येत असतो, पण डोळ्यांना हलणारा जबडा दिसला की कान मुकाट्याने तो आवाज तिथला मानतात. खरी कसोटी ओठांची. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. मग जीभ वरच्या दातांमागे टेकवून ‘ब’च्या जागी मऊ ‘द’, ‘म’च्या जागी ‘न’ काढायचा आणि उरलेलं काम ऐकणाऱ्याच्या सवयीवर सोपवायचं. अर्धवटराव या नावात ओठ पुरते मिटवणारं एकही अक्षर नाही, तात्या विंचूतही नाही. आवडाबाईला हाक मारताना मात्र ‘बा’पाशी जिभेला कसरत आहे.

या पोकळ पाठीत हात शिरतो तोवर करमणूक. हाताऐवजी दुसरं काही शिरलं की भय. पाश्चात्त्य सिनेमाने हा उंबरठा वारंवार ओलांडला. १९४५च्या ‘डेड ऑफ नाइट’मध्ये शब्दभ्रमकाराचा ह्यूगो नावाचा बाहुला मालकावर उलटतो. १९७८च्या ‘मॅजिक’मध्ये अँथनी हॉपकिन्सने असाच पोखरलेला कलाकार उभा केला. ‘मॅजिक’ विल्यम गोल्डमन यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो. हेच ॲटनबरो चार वर्षांनी ‘गांधी’ घेऊन आले. ते मुळात नट.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. निर्जीव शरीरात कुणीतरी शिरतं, ही कथा नटांच्या हातून पुन्हा पुन्हा पडद्यावर आली आहे. विज्ञानभयकथेचा सिनेमातला आद्य नमुना म्हणावा असा १९३१चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ जेम्स व्हेल यांनी केला. मेरी शेली यांची १८१८ची कादंबरी, तिच्यावर पेगी वेबलिंग यांनी लिहिलेलं नाटक, आणि नाटकावरून सिनेमा, असा त्याचा प्रवास. व्हेल पहिल्या महायुद्धात युद्धकैदी होते, छावणीतल्या हौशी नाटकांनी त्यांना रंगभूमीची गोडी लागली, मग ते नट झाले, मग दिग्दर्शक. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’चे दिग्दर्शक टॉम हॉलंड हेही आधी नट. याला नुसता योगायोग म्हणायला मन घेत नाही. दुसऱ्याची वाक्यं आपल्या तोंडात, दुसऱ्याची चाल आपल्या पायात, हे नट रोज जगतो. रिकामं शरीर भरताना काय होतं, हे त्याला आतून माहीत असतं.

‘झपाटलेला’चे दिग्दर्शक महेश कोठारे याच माळेतले. १९६८च्या ‘राजा और रंक’मध्ये त्यांनी बालवयात दुहेरी भूमिका केली. तो सिनेमाही रूपांतरच, मार्क ट्वेन यांच्या राजपुत्र आणि भिकारी मुलाच्या गोष्टीचं. म्हणजे परदेशी कथेला इथले कपडे घालताना काय काय शिवावं लागतं, हे या मुलाने अंगावर घालून पाहिलं होतं. पुढे ते वकील झाले, पण मन वकिलीत रमलं नाही. १९८५च्या ‘धुमधडाका’ने ते दिग्दर्शक झाले. त्याचं मूळ श्रीधर यांचा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’, जो हिंदीत ‘प्यार किये जा’ होऊन आला होता. कोठारे यांना कथेइतकंच तंत्राचं वेड. ‘धडाकेबाज’ त्यांनी सिनेमास्कोपमध्ये केला, आणि त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांना बाटलीत मावेल एवढं करून दाखवलं.

मग चकी आला. ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये पोलिसांच्या गोळीने मरायला टेकलेला खुनी मंत्र म्हणून आपला आत्मा खेळण्यातल्या बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला अँडी नावाच्या लहान मुलाच्या हाती पडतो. मूळ कल्पना डॉन मॅन्सिनी यांची. केव्हिन येघर यांनी यंत्राने हलणारा चकी बनवला आणि दूरनियंत्रकावर एकाच वेळी अनेक माणसं त्याचा चेहरा चालवत. काही दृश्यांत एड गेल हा ठेंगणा कलाकार बाहुल्याचे कपडे घालून वावरला, आणि तो बाहुल्याएवढा दिसावा म्हणून भोवतीचं सामान मोठ्या मापाचं केलं.

‘झपाटलेला’ने हा सांगाडा उघडपणे घेतला. मरता मरता बाहुल्यात शिरणारा गुंड, त्याला मंत्र देणारा बाबा चमत्कार, ज्याला आपलं गुपित प्रथम सांगितलं त्याच्याच शरीरात शिरून पुन्हा माणूस होण्याची अट, सारं तेच. बाहुल्याला मारणाऱ्या गोळीची जागाही सांगितलेली, फक्त ती छातीतून वर सरकून दोन भुवयांच्या मध्ये आली. कुंकू लावायची, ध्यानात लक्ष एकवटायची ती जागा. मराठी प्रेक्षकाला याचं वेगळं स्पष्टीकरण लागलं नाही.

पण एक बदल या सगळ्यांहून मोठा आहे, आणि ‘झपाटलेला’ला चकीची नक्कल म्हणून मोडीत काढणारे तो पाहतच नाहीत. तिकडे बाहुला मुलाकडे जातो. इकडे तो जातो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याकडे, आणि लक्ष्या शब्दभ्रमकार आहे! बाहुला खरंच बोलतोय असं अँडी सांगतो तेव्हा मोठी माणसं त्याला पोरकट ठरवतात. लक्ष्या सांगतो तेव्हा लोक हसतात, कारण बाहुल्याला बोलकं करणं हीच तर त्याची कला. त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्षीदार होते. ज्याने जन्मभर बाहुल्याच्या पाठीत हात घातला, त्याच्याच शरीरात आता बाहुल्याला शिरायचं आहे. हा उलटा फेरा मूळ अमेरिकी कथेत नाही. तो अर्धवटरावाच्या महाराष्ट्रातच सुचू शकतो. बोलक्या बाहुल्यांचे खेळ पाहत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला तो फोड करून सांगावा लागत नाही, म्हणून विनोद आणि भीती एकाच दृश्यात नांदू शकल्या.

बाहुला बनवला रामदास पाध्ये यांनीच. अर्धवटरावाच्या घरातून तात्या विंचू निघाला, हे कुळ असं सरळ आहे. रंगमंचावर कलाकार बाहुल्याच्या शेजारी बसतो, लोकांना तो दिसतो आणि दिसूनही चालतो. कॅमेऱ्यापुढे चालवणाऱ्याला चौकटीबाहेर दडावं लागतं. ओठ हलले तरी हरकत नाही, कारण आवाज वेगळा भरता येतो. पण डोळ्यांची सरक, मानेचा झटका, बोलण्याआधीचा अर्ध्या क्षणाचा थांबा यांत जरा चूक झाली तर बाहुला लाकूड होऊन बसतो. अभियंत्याचा हिशेब आणि शब्दभ्रमकाराचा हात एकाच माणसात होते, हे त्या सिनेमाचं भाग्य.

आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. गुंड तात्या विंचूही तेच. या आवाजालाही पूर्वज आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात प्रभावळकरांनी चेटकीण केली होती. मुलांना घाबरवायचं, पण उठून पळू द्यायचं नाही, ही मात्रा त्यांनी तिथे बालप्रेक्षकांसमोर जोखली होती. तात्या विंचूच्या चिरक्या, लाडिक धमकीत ती मात्रा अचूक उतरली. चकीचा आवाज देणारा ब्रॅड डुरिफ शिव्या हासडतो, थरकाप उडवतो, तेही उत्तमच. पण तात्या विंचूची नक्कल गावोगावच्या पोरांनी केली आणि आजही करतात. ज्याची नक्कल करता येते तो खलनायक लोकांच्या घरात राहायला येतो.

१९९५ साली कोठारे यांनीच ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने तो हिंदीत नेला. १९९६ साली चकीच्याच गोष्टीवर ‘पापी गुडिया’ निघाला, तोही हिंदीत. दोन्ही आज फारसे कुणाला आठवत नाहीत. पहिल्यात बाहुला मराठी मुळापासून तुटला होता, दुसऱ्याने ते मूळ धरलंच नव्हतं. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला, मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून. आता नायक कोठारे यांचा मुलगा आदिनाथ, सोबत मराठवाड्याच्या बोलीला पडद्यावर हक्काची जागा मिळवून देणारे मकरंद अनासपुरे. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते आणि त्यांची उणीव भरण्यासारखी नव्हती. बाहुला मात्र तोच राहिला.

दरम्यान चकीने घर बदललं. २०१९च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये मंत्र नाही, आत्मा नाही. बाहुला घरातल्या सगळ्या उपकरणांना जोडलेला, शिकत जाणारा यंत्रमित्र आहे, आणि कारखान्यात छळलेला एक कामगार मरण्याआधी त्याच्या चिपमधले सुरक्षेचे सगळे निर्बंध काढून टाकतो. आवाज मार्क हॅमिल यांचा. भयकथा अशी विज्ञानकथा झाली आणि एका अर्थी व्हेल यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’कडे परतली. त्या बाहुल्याला वाईट होण्याचीही इच्छा नाही. जे दिसेल ते तो शिकतो, मुलं भयपट पाहून हसतात म्हणून सुरी उचलतो. कल्पना तल्लख आहे, आजच्या काळाला धरूनही आहे. तरी तात्या विंचूपुढे हा बाहुला उणा वाटतो, कारण त्याच्या आत कुणी माणूस नाही. तात्या विंचूला भूक आहे, सूड आहे, लक्ष्याच्या शरीराची घाई आहे, आणि म्हणूनच प्रभावळकरांसारख्या नटाला त्याच्या आत शिरून खेळायला भरपूर जागा सापडते.