बहात्तरच्या ताटात श्रीखंड कुठून आलं?

आमच्या लॅबमधल्या एका सिनिअरचा थिसिस सबमिट झाला आणि त्याला निरोप कसा द्यायचा यावर चर्चा सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, खूनरहस्याचं जेवण करूया. तुम्ही कधी खेळला नसाल तर थोडक्यात सांगते. पाहुण्यांना आधीच एकेक पात्र वाटून दिलेलं असतं, जेवता जेवता त्यातल्या एकाचा ‘खून’ होतो आणि ताटं उचलायच्या आत खुनी ओळखायचा असतो. १९४९ साली इंग्लंडमध्ये ‘क्लुएडो’ नावाचा पटावरचा खेळ विक्रीला आला, त्याच घराण्यातला हा प्रकार. त्यात सगळं इंग्रजी हवेलीत घडतं. आम्ही म्हटलं, आपण सदाशिव पेठेतला वाडा घेऊ. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, मराठी माणसाला खुनासाठी हवेली कशाला लागते?

थीम ठरली ‘सत्तरचं दशक’. मेनू माझ्याकडे आला, कारण लॅबमध्ये स्वयंपाक येणारी मी एकटीच आहे असा एक गैरसमज आहे.

आधी साल ठरवायचं होतं. एकाने १९७६ सुचवलं आणि दुसऱ्याने लगेच नको म्हटलं. १९७६-७७ मध्ये याच शहरात जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं, दहा माणसं मारली गेली. मारेकरी टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात शिकणारी मुलं होती, आणि १९८३ मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्या दिवसांत संध्याकाळनंतर दार उघडायला घाबरणारी माणसं अजून आपल्या आजूबाजूला राहतात. त्यावर खेळ करायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कुणीतरी सहज म्हणालं, १९७२ घेऊ. सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा.

आता माझा पहिला मेनू बघा. सुरुवातीला मॅगी आणि थम्स अप, मग पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड आणि शेवटी चहाबरोबर श्रूजबरी बिस्किटं. ‘रेट्रो’ म्हटल्यावर जे जे जुनं वाटलं ते सगळं एका ताटात कोंबलं होतं. तुम्ही रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा पहिला मसुदा असाच होईल, त्याची लाज बाळगू नका. पण तो तपासा मात्र.

तपासायला सोपं होतं ते आधी तपासलं. मॅगी भारतात आली १९८० नंतर, म्हणजे बाद. थम्स अप आलं १९७७ मध्ये, कोका-कोला देश सोडून गेलं तेव्हा. म्हणजे बहात्तरच्या पार्टीत कोका-कोला चालेल, थम्स अप नाही. कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ पासूनची, तेव्हा बिस्किटं राहिली. एकीला दिवाणखान्यात टीव्ही ठेवायचा होता. दूरदर्शनचं मुंबई केंद्रच २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि आमचा खून उन्हाळ्यातला, म्हणून टीव्ही काढून रेडिओ ठेवला. श्रीखंड-पुरीचा पुरावा तर हातातच होता. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. आईच्या प्रतीत पानांवर हळदीचे डाग आहेत, म्हणजे पुस्तक वापरात होतं हेही सिद्ध. मला वाटलं, काम झालं.

मग मी आजीला फोन केला. आजी इंदापूर तालुक्यातली. मला फक्त पुरीसाठी तेव्हा डालडा वापरायचे की तेल, एवढंच विचारायचं होतं. मी उत्साहाने सगळा मेनू वाचून दाखवला. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “बहात्तरला? अगं, बहात्तरला आम्ही खडी फोडत होतो.”

बहात्तरचा दुष्काळ मला माहीत नव्हता असं नाही. शाळेत होता, रोजगार हमी योजनेची सुरुवात म्हणून एका मार्काला होता. पण ‘रेट्रो’ या शब्दाशेजारी तो कधी आलाच नव्हता. खुनाचं साल आम्ही टाळलं आणि दुष्काळाचं साल हसत हसत निवडलं, कारण खून शहरात झाले होते आणि दुष्काळ शहराबाहेर.

त्यानंतर मी थोडं नीट वाचलं. १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता आणि १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. व्ही. सुब्रमण्यम यांचं ‘पार्च्ड अर्थ’ हे १९७५ चं पुस्तक या दुष्काळावर आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना मोडायची, असं आजी सांगते. कामावर सुकडी वाटायचे, भाजलेल्या पिठाची गोडसर वडी. आजीला ती अजून आठवते, पण चव विचारली की ती विषय बदलते. शहरंही अगदी कोरडी सुटली नव्हती. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायका महागाईविरोधात एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले.

म्हणजे ‘रुचिरा’ खोटं सांगत होतं का? नाही. पाककृतीचं पुस्तक पदार्थ कसा करायचा ते सांगतं. त्या महिन्यात डब्यात साखर होती का, हे सांगणं त्याचं कामच नाही. चूक माझी होती. मी एका प्रश्नाचं उत्तर देणारा स्रोत दुसऱ्याच प्रश्नाला लावला. आणि आमच्यासारख्या विज्ञानवाल्यांना हे कळायला हवं होतं. नमुन्यात एखादं द्रव्य सापडलं नाही, तर ते नाहीच असं आपण लिहीत नाही. आपल्या यंत्राच्या पकडीच्या खाली आहे, असं लिहितो. माझ्या आईची ‘रुचिरा’ची प्रत हे एक यंत्र आहे, आणि खडी फोडणारं घर त्याच्या पकडीच्या खाली राहतं. हळदीचे डाग एका घरातले, ताट मात्र मी अख्ख्या सालाचं वाढायला निघाले होते.

लॅबमध्ये हे सांगितल्यावर दोन तट पडले. एक म्हणे, साल बदला, १९६५ घ्या. त्यावर दुसरा हसला, कारण पासष्टमध्ये तर लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं होतं. मला साल बदलणं पटत नव्हतं. बदललं असतं तर तोच पहिला मेनू दुसऱ्या तारखेखाली चिकटवला असता, एवढंच. आजीला विचारलं, खेळ केला तर तुला वाईट वाटेल का? ती म्हणाली, “खेळा की. पण नीट वाढा.”

म्हणून गोष्टच मेनूवर बेतली. वाड्याचा मालक धान्याचा व्यापारी. बाहेरच्या पंगतीत ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. आतल्या खोलीत निवडक पाहुण्यांना श्रीखंड-पुरी. त्या काळी साखरेचे दोन दर होते, रेशनचा ठरलेला आणि खुल्या बाजारातला चढा. आमचा मालक बढाई मारतो की आपण एक पैसा जास्त मोजला नाही, सगळी साखर कार्डावरचीच. वीस माणसांच्या श्रीखंडाला किती साखर लागते आणि घरात कार्डावर माणसं किती, हा हिशोब जो करेल त्याला साठा सापडेल. साठा सापडला की गोदामाचा मुनीम का मेला ते कळतं. हत्यार लाटणं. ते सुचलं तेव्हा मीच स्वतःची पाठ थोपटली.

एक तडजोड सांगून टाकते. मिलो मिळाली नाही, साध्या ज्वारीच्या भाकरी केल्या आणि मेनूच्या कागदावर खाली तसं लिहिलं. सुकडी मुद्दाम ठेवली नाही. ती करता आली असती, पण पोट भरलेल्या वीस जणांनी चव बघून “इंटरेस्टिंग” म्हणावं, हे मला नको होतं.

खेळ रंगला. बहुतेकांनी संशय घेतला तो मालकाच्या भाच्यावर, कारण तो दर वेळी दाराशी उभा असायचा. बराच वेळ कुणी ताटाकडे बघितलंच नाही. शेवटी यंदाच पीएचडीला आलेल्या बीडच्या मुलीने वाटीतलं श्रीखंड चमच्याने उचललं आणि मालकाला विचारलं, “काका, कार्डावर नावं किती आहेत तुमच्या?”

दुसऱ्या दिवशी आजीचा फोन आला. खुनी कोण, ते तिने विचारलंच नाही. भाकरी थापल्या कुणी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी. “मोडल्या का?” म्हणाली. सात मोडल्या होत्या.