ब्रिटिश बोलपट आणि प्रमाण उच्चाराची सत्ता

१९२७ च्या अधिनियमान्वये ब्रिटनमधील चित्रगृहांना ठरावीक प्रमाणात स्वदेशी चित्रपट दाखविणे बंधनकारक झाले. अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्याला बांध घालणे हा त्यामागील हेतू होता. परंतु लवकरच पडदा बोलू लागला आणि निराळाच प्रश्न उपस्थित झाला : राष्ट्राची वाणी म्हणजे नेमकी कोणाची वाणी?

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ (१९२९) या बोलपटात चेक अभिनेत्री ॲनी ओंड्रा हिने लंडनमधील दुकानदाराच्या मुलीची भूमिका केली. तिचा परकी उच्चार मात्र चालण्यासारखा नव्हता. म्हणून चित्रीकरण चालू असतानाच जोन बॅरी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून संवाद म्हणत असे व ओंड्रा केवळ ओठ हलवीत असे. विशेष हे की, बॅरीचा उच्चारही दुकानदाराच्या घरातला नसून उच्चभ्रू वर्गाचा होता.

पुढील तीन दशके गंभीर नायकाने बहुधा प्रमाण उच्चारातच बोलावे, असा संकेत राहिला. ग्रेसी फील्ड्सची लँकशायरी बोली लोकप्रिय झाली, ती विनोदाच्या आणि गीतांच्या आश्रयाने. हा संकेत मोडणाऱ्या चित्रपटांत ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ (१९६०) अग्रगण्य होय. त्यातील नॉटिंगहॅमचा कामगार श्रमिकांच्या प्रादेशिक बोलीतच संतापतो आणि प्रेमही करतो. त्याचा दिग्दर्शक कारेल राइस हा चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, बालपणी निर्वासित म्हणून इंग्लंडात आलेला होता.

यावरून असे दिसते की, ब्रिटिश चित्रपटाचे सांस्कृतिक कार्य केवळ अमेरिकेला तोंड देण्याचे नव्हते. स्वदेशातील उपेक्षित बोलींना प्रतिष्ठा देण्याचेही होते.