अंतर्गळाची जाळी : उपाय आणि अपाय

सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते. पोटाची स्नायूंची भिंत एखाद्या जागी दुबळी झाली की आतड्याचेही तसेच होते. यालाच आपण अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतो.

इटलीत पादुआ येथे एदोआर्दो बासिनी यांनी १८८४ पासून जांघेतली अशी भिंत थरांनुसार शिवायला सुरुवात केली. पण फाटक्या कापडाच्या कडा ओढून शिवल्या तर टाक्यांवर ताण येतो. येथेही तेच होई आणि कित्येकांचा अंतर्गळ उलटे. मग ठिगळच का लावू नये? विसाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या तारांची जाळी वापरून पाहिली गेली. ती फार ताठ होती. १९४० च्या दशकात टँटलम धातूची जाळी आली. हालचालींमुळे तिच्या तारा तुटत. १९५८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी पॉलिएथिलीनची जाळी पुढे आणली, नंतर पॉलिप्रोपिलीनची. लॉस एंजलिसच्या अर्व्हिंग लिख्टेन्स्टाइन यांनी १९८० च्या दशकात कडा न ओढता जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. अंतर्गळ उलटण्याचे प्रमाण बरेच घटले.

मग प्रश्न सुटला का? आपल्याला प्लॅस्टिक निष्क्रिय वाटते, पण शरीर त्याला परकेच मानते. जाळीभोवती दाह होतो आणि तिच्या छिद्रांतून तंतुमय ऊती वाढतात. स्लॅबमध्ये सळया आणि काँक्रीट मिळून भार घेतात, तशी जाळी आणि ही ऊती मिळून भिंत बळकट करतात. म्हणजे ही प्रतिक्रिया हवीच! मात्र ती अति झाली की वण आक्रसतो आणि जाळीही गोळा होते. वणात किंवा टाक्यात मज्जातंतू सापडला तर दुखणे महिनोन्‌महिने टिकते. जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरातील सुमारे १० ते १२ जणांना असा त्रास राहतो. जाळी न वापरताही तो होऊ शकतो. जाळी आतड्याला थेट लागली तर ते तिला चिकटते. जंतुसंसर्ग झाल्यास कधी जाळी काढावी लागते, आणि ऊतींत गुंतलेली जाळी सोडवणे सोपे नसते.

१९९० च्या दशकात जर्मनीतील आखेन येथे अशा काढलेल्या जाळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या. बारीक छिद्रांच्या, जड जाळीत वण सलग पसरून कडक पत्र्यासारखा झालेला दिसला. त्यातून हलक्या, मोठ्या छिद्रांच्या जाळ्या आल्या. त्रास कमी झाला, संपला नाही.

वर्गात ‘निष्क्रिय पदार्थ’ शिकवताना आपण एक प्रश्न जरूर विचारावा : निष्क्रिय, पण कुठे? परीक्षानळीत की जिवंत शरीरात?